चौदाशे पन्नासचं गणित

४ फेब्रुवारी, बुधवार

धाकट्या,

वर आशीर्वाद लिहायची रीत आहे. तुला तो चालेल की नाही ठाऊक नाही, म्हणून तेवढी जागा कोरी सोडली आहे. हवा असेल तर तूच लिहून घे.

कामाचं पत्र आहे. घाबरू नकोस, कुणी आजारी नाही. आजारी पडायला इथे माझ्याशिवाय आहे कोण, आणि माझं दुखणं गुडघ्यांच्या वर अजून चढलेलं नाही. तुझा पत्ता सिमेंटच्या दुकानदाराने दिला. त्याने तुला तिकडे खोक्यांच्या कारखान्यात पाहिलं म्हणे. अंगाने भरलायस म्हणाला. फोन नंबरही देत होता, पण मी घेतला नाही. फोनवर समोरचा गप्प बसला की माझी पंचाईत होते. कागदाचं तसं नसतं, तो गप्पच असतो.

तर काम असं. एका दवाखान्याचा छोटा बोळ आहे, लांबी तीनशे सेंटीमीटर. फरशा दोन मापांच्या. थोरली एकवीस, धाकटी पंधरा, सांधा धरून. लांबीत तुकडा लावायचा नाही आणि दोन्ही जाती लागल्या पाहिजेत. बाबांचे नियम मी अजून मोडलेले नाहीत. परवा एक ठेकेदार म्हणाला, "काका, यंत्र आणा, फरशी सुर्रकन कापते, कशाला आकडेमोड करत बसता?" मी म्हटलं, "कापलेला तुकडा मला दिसत राहतो." तो म्हणाला, "तुम्हाला दिसतो हो, गिऱ्हाइकाला कुठे दिसतो?" त्याचंही खरं असेल. आता लोक चालताना खाली बघत नाहीत.

थोरल्या किती आणि धाकट्या किती, एवढंच हवं आहे. हे खातं तुझं होतं. मी फरशी हातात घेतल्याशिवाय मला काही सुचत नाही, हे बाबा चारचौघांत सांगायचे ते तुला आठवत असेल.

घाई नाही. पण आठवड्यात कळलं तर बरं.

दादा


१९ फेब्रुवारी, गुरुवार

धाकट्या,

तुझं कार्ड आलं. आता त्याला कार्ड म्हणायचं म्हणून म्हणायचं. एका बाजूला पत्ता आणि दुसऱ्या बाजूला "५ आणि १३. १० आणि ६." वर तारीख नाही, खाली नाव नाही.

माझं टपाल खालची शिलाईवाली घेऊन ठेवते, कारण मला जिना उतरायला वेळ लागतो. तिने विचारलं, "काका, हे काय, कुलुपाचे आकडे आहेत का?" मी सांगितलं, भावाचं पत्र आहे. तिने कार्ड उलटंपालटं केलं आणि म्हणाली, "बरेच बोलके दिसतात."

हसलो मी. बऱ्याच दिवसांनी हसलो, म्हणून लिहून कळवतो.

मी पाच आणि तेरा काढलं होतं. फरशीचे लाकडी नमुने जमिनीवर मांडून, सरकवून, दीड तास घालवून. आंधळा मागतो एक डोळा तसं झालं, तू दोन पाठवलेस. मग बाबांची ती अदलाबदल आठवली. पाच थोरल्या घातल्या की एकशे पाच होतात आणि सात धाकट्या घातल्या तरी एकशे पाचच. म्हणून एक उत्तर सापडलं की पाच थोरल्या वाढवायच्या, सात धाकट्या काढून घ्यायच्या, लांबी तेवढीच राहते आणि दुसरं उत्तर हजर होतं. बाबा हे पुढच्या खोलीत खऱ्या फरशांवर शिकवायचे. मी फरशा मोजायचो आणि तू डोळे मिटून बसायचास, आणि तुझं आधी यायचं.

एक विचारायचं आहे. उलट्या बाजूने गेलं, म्हणजे पाच आणि तेरामधल्या पाचही थोरल्या काढल्या आणि सात धाकट्या वाढवल्या, तर वीस धाकट्या होतात आणि थोरली एकही उरत नाही. बाबा ते उत्तर धरत नसत. शून्य फरशा लावायला माणूस कशाला, म्हणायचे. पण लांबी भरते की नाही? बरोबर भरते. थोरल्यावाचून धाकट्याचं भागतं हे तर तू अकरा वर्षं करून दाखवतो आहेस. तरी ते उत्तर तू कार्डावर लिहिलं नाहीस. मी दोन दिवस त्याचा अर्थ लावत बसलो. नियम म्हणून सोडलंस, की दुसरं काही, ते कळायला मार्ग नाही, आणि तू सांगणार नाहीस.

आता दुसरं काम. न्हाव्याच्या दुकानाचं आहे. थोरली सोळा, धाकटी दहा, लांबी एकशे चाळीस. न्हावी घाईत आहे.

दादा


६ मार्च, शुक्रवार

धाकट्या,

"५ आणि ६. एकच." मिळालं. म्हणजे या वेळी एक शब्द जास्त आला. शिलाईवाली म्हणाली, प्रगती आहे.

आता कबूल करतो. न्हाव्याचं काम नव्हतंच. न्हावी आहे, त्याच्या दुकानात जुनी लादी आहे आणि ती त्याला मरेपर्यंत पुरणार आहे. दवाखान्याचं काम खरं होतं, पण ते मी डिसेंबरातच पुरं केलं होतं. पाच आणि तेरा लावून. तुला पत्र लिहायला काहीतरी निमित्त पाहिजे होतं आणि आपल्या दोघांत दुसरं काय आहे? तुला कसा आहेस विचारलं असतं तर तू उत्तर दिलं नसतंस. किती थोरल्या किती धाकट्या विचारलं की तुझ्याच्याने राहवत नाही. हे मला माहीत आहे आणि मी त्याचा फायदा घेतला. रागाव हवं तर.

तीन महिने हातात काम नाही. सकाळी उठून करणी, पाणसळ, सगळी हत्यारं पुसून ठेवतो. सवय आहे. मग आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत येतो, बाहेरच्या खोलीतून आत जातो. परवा लक्षात आलं की मी मापं मोठ्याने बोलतो आहे. टेबल एकशे दहा, खिडकी नव्वद, खाट एकशे नव्वद. बोलायला कुणी नसलं की माणूस खाटेची लांबी बोलतो. एकटं वाटतं, धाकट्या. दिवसभर वाटत नाही, पण जेवायला ताट एकच काढताना हटकून वाटतं. इतकी वर्षं झाली, तरी हात दुसऱ्या ताटाकडे जातो.

पुढचं गणित. कुणाचंही काम नाही, नुसतंच घालतो आहे. थोरली अठरा, धाकटी बारा, लांबी दोनशे.

दादा


२० मार्च, शुक्रवार

धाकट्या,

तुझं कार्ड आठ दिवसांपूर्वी आलं. "हे जमणारं नाही. त्या दिवशीचंही नव्हतं."

पहिलं वाक्य बरोबर आहे. अठराला आणि बाराला तिनाने भाग जातो, मग त्यांच्या कितीही फरशा लावल्या तरी बेरजेला तिनाने भाग जाणारच, आणि दोनशेला जात नाही. आकड्यांची बेरीज करून बघायची हे बाबांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. दोनशेची बेरीज दोन. संपलं. मला दोनशे दहा लिहायचं होतं. ही चूक होती, खरोखरची चूक. मी आकडे मनाने घेतले आणि तपासले नाहीत.

दुसरं वाक्य मला कळलं नाही. कुठला दिवस? आपण किती गणितं केली असतील, कुठली जमली, कुठली नाही, आता कोण लक्षात ठेवतो?

धाकट्या, मी हे पत्र इथे थांबवलं होतं. चार दिवस तसंच टेबलावर होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. कुठला दिवस ते मला कळलं, कार्ड हातात घेतल्याघेतल्या कळलं. जिन्यातच बसलो. शिलाईवालीने पाणी आणून दिलं आणि विचारलं, वाईट बातमी आहे का? मी म्हटलं, जुनी आहे.

आता मलाच एक विचारू दे. तुला ते कधी कळलं? नंतर, तिकडे गेल्यावर, कधीतरी विचार करताना कळलं? की त्याच दिवशी, तिथे बसल्याबसल्या? कारण त्याच दिवशी कळलं असेल तर मग तू उठला का नाहीस? दार काय बंद होतं? दहा पावलं होती.

मला राग येतो आहे आणि तो मला येऊ नये हेही समजतं. तेवढं एक उत्तर पाठव.

दादा


२ एप्रिल, गुरुवार

धाकट्या,

उत्तर आलं नाही. बरोबर आहे. आधी मी सांगायला पाहिजे. झाकली मूठ म्हणून अकरा वर्षं जपली, पण तुझ्यापुढे ती उघडीच आहे असं दिसतंय. तेव्हा सगळं लिहितो.

त्या दिवशी डॉक्टर सकाळी येऊन गेले आणि म्हणाले, "आज घरातच राहा, दोघंही." तू कामावर गेला नाहीस. त्याआधीचे पाच महिने बाबांना मी उचलत होतो. अंघोळ, कपडे, औषध, चमच्याने पाणी, सगळं. तुला बाहेरची कामं सांभाळायची होती, तू दिवसभर बाहेर. त्यात तुझा काही दोष नव्हता. पण तू सहाला दारात आलास की बाबांचा चेहरा बदलायचा. दिवसभर माझ्याकडे बघून भिंतीकडे बघितल्यासारखा असायचा, आणि तुझं पाऊल वाजलं की वळायचा. तू आत येऊन विचारायचास, "बाबा, आज किती?" आणि ते तुला एखादी लांबी सांगायचे, आणि तुम्ही दोघं सुरू. मी बाजूला चादर बदलत असायचो.

त्या सकाळी माझ्या मनात आलं, पाच महिने माझे आणि शेवटचा दिवस याचा? हे मी विचार करून ठरवलं नाही. पण आलं, आणि मी ते हाकललं नाही.

वाचनालयाच्या लांब बोळाचं माप मीच घेतलं होतं. थोरली एक्कावन्न, धाकटी एकोणचाळीस, लांबी चौदाशे चाळीस. मी कागदावर चौदाशे पन्नास लिहिलं. एक्कावन्नला तीन जातो, एकोणचाळीसला तीन जातो, चौदाशे पन्नासची बेरीज दहा, तीन जात नाही. हे मी आदल्या दिवशी बसून, बोटं मोजून, नीट जुळवलं होतं. जन्मात पहिलं गणित मी स्वतः घातलं, आणि ते न सुटणारं. आदल्या दिवशी, धाकट्या. आता फार दिवस नाहीत हे मला डॉक्टरांच्या आधीच कळलं होतं. वर लिहिलंय की ठरवलं नाही, ते तेवढंसं खरं नाही.

मग तुला म्हटलं, "वाचनालयवाल्यांना आज संध्याकाळपर्यंत फरशा सांगायच्यात. सांधा वाढवायचा नाही, गिलाव्याला हात लावायचा नाही, त्यांनी बजावलंय. बाहेर बसून जुळव, तोवर मी आत आहे." तू विचारलंस, "आजच?" मी म्हटलं, "काम थांबत नाही, बाबाच म्हणतात ना." तू कागद घेऊन बाहेरच्या टेबलाशी बसलास. बारा वाजून गेले होते. मला वाटलं, हा हट्टी आहे, उत्तर सापडल्याशिवाय उठणार नाही. आणि उत्तर नव्हतंच.

तीनच्या सुमारास बाबांनी तुझं नाव घेतलं. दोनदा घेतलं. घरातलं नाव, फार जुनं, तू लहान असतानाचं. मी म्हटलं, येतोय. आणि तुला बोलावलं नाही.

नंतर तू मला विचारलंस, "दादा, त्यांनी मला विचारलं का?" मी तुझ्या तोंडाकडे बघून म्हटलं, "नाही. शुद्धीत नव्हते." चौथ्या दिवशी तू पिशवी भरलीस. लोकांना मी सांगितलं की चांगली नोकरी लागली म्हणून गेला. कोणी जास्त विचारलं नाही. वाचनालयाचा बोळ मी एकट्याने केला. चौदाशे चाळीसला सोळा आणि सोळा लागतात, एक थोरली, एक धाकटी, एक थोरली, एक धाकटी. तेवढं माझं मलाच जमलं. लोक म्हणतात सुंदर झालाय. मी पुन्हा तिकडे गेलो नाही.

हे सगळं मी चोरलं तुझ्याकडून. माफी मागायला तोंड नाही, तरी मागतो. तू पुन्हा एकही आकडा पाठवला नाहीस तरी मी तक्रार करणार नाही.

दादा


२८ एप्रिल, मंगळवार

धाकट्या,

तुझं पत्र आलं. पाकीट बघून शिलाईवाली स्वतः वर घेऊन आली. म्हणाली, "काका, जाड आहे हो." तिला वाटलं मी लगेच फोडीन. मी ती जाईपर्यंत थांबलो, मग दार लावून घेतलं.

सहा पानं. तुला एवढं लिहिता येतं हे मला माहीत नव्हतं.

पहिल्यांदा राग आला, तो लिहितो, कारण तूही काही लपवलेलं नाहीस. तू लिहितोस की कागद हातात घेतल्यावर मिनिटभरात कळलं होतं की हे जमणारं नाही. तुला वाटलं, दादाने माप चुकीचं उतरवलं, आणि ते सांगायला तू उठलास. दारापर्यंत आलास. तिथे तुला बाबांचा श्वास ऐकू आला, आणि तू परत जाऊन बसलास. मग एक थोरली धरून, दोन धरून, तीन धरून, सत्तावीसपर्यंत सगळ्या ओळी लिहून काढल्यास. एकही जमणार नाही हे माहीत असून. सत्तावीस संपल्या तेव्हा धाकटीपासून पुन्हा सुरू केलंस. आणि तीन वाजता त्यांनी मारलेल्या दोन्ही हाका तुला ऐकू आल्या.

दोन्ही.

मी कागद खाली ठेवला आणि खोलीत फिरलो. अकरा वर्षं मी स्वतःला चोर म्हणत होतो, आणि ज्याची वस्तू चोरली म्हणत होतो तो दाराबाहेर सगळं ऐकत बसला होता. अकरा वर्षं मला हे एकट्याने वाहायला लावलंस? आणि मी "नाही" म्हटलं तेव्हा ते खोटं आहे हे तुला ठाऊक होतं. ठाऊक असून तू गेलास तो नुसतं माझ्यावर रागावल्याचं दाखवून. मी इथे रोज एक ताट काढत होतो. शिव्या तोंडात आल्या. तुला त्या सगळ्या पाठ आहेत, बाबांकडूनच शिकलोय आपण, म्हणून लिहीत नाही.

संध्याकाळी राग उतरला. तू तेव्हा तेवीस वर्षांचा होतास. आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास आणि तुला त्या खोलीत नेलं होतं. कुणी नेलं ते आता आठवत नाही, पण तू नंतर कितीतरी दिवस माझ्या पाठीला पाठ लावून झोपायचास, हे आठवतं. मला त्या दिवशी ते आठवायला पाहिजे होतं. मी म्हटलं असतं, "धाकट्या, चल, मी आहे बरोबर," तर तू आला असतास. तू घाबरला असशील हे माझ्या मनातच आलं नाही. मी तुला एवढं हुशार धरत होतो की घाबरट धरायचं राहूनच गेलं.

मी गेल्या पत्रात एक गोष्ट लिहिली नव्हती. ती आता लिहितो.

बाबांनी तुला हाक मारली आणि मी म्हटलं, येतोय, बाहेर गणित करतोय. त्यांनी विचारलं, "कुठलं?" मी आकडे सांगितले. खोटेच आकडे सांगितले, एक्कावन्न, एकोणचाळीस, चौदाशे पन्नास, कारण तेच जिभेवर होते. त्यांची बोटं चादरीवर हलली. फार वेळ लागला नाही. मग म्हणाले, "अरे, हे जमणारं नाही." आणि त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती बेरीज दहा येते हे मरणाऱ्या माणसालाही कळलं. मी ते गणित घातलं आहे हेही त्यांना कळलं, धाकट्या. मी खाली बघत होतो तरी मला ते जाणवलं. मी ज्यांना ज्यांना फसवलं असं मानत होतो त्यातलं कुणी फसलेलंच नव्हतं. आपल्या घरात हे गणित कच्चं असलेला मी एकटा, आणि मीच ते घालायला गेलो.

तुझ्या पत्राच्या शेवटी तू विचारलंस की ते कसे गेले. अकरा वर्षांत हे मला कुणीही विचारलं नाही. लोकांनी किती वाजता गेले ते विचारलं, काय झालं होतं ते विचारलं. तू इतकी वर्षं हे विचारायला घाबरत होतास आणि मी सांगायला कुणी नाही म्हणून गप्प होतो. तर ऐक. यात भिण्यासारखं नाही, म्हणूनच सांगतो.

त्यानंतर त्यांनी तुला पुन्हा बोलावलं नाही. मला रागावलेही नाहीत. म्हणाले, "बस." मी खाटेच्या कडेला बसलो. त्यांनी माझा हात धरला. असा कधी धरला नव्हता, काम शिकवताना करणी धरायला लावायचे तेवढाच. ते माझा अंगठा चाचपत राहिले, जिथे सिमेंटने कातडी फाटलेली असते तिथे. "औषध लावत जा," म्हणाले. मी हो म्हटलं. पाणी हवं का विचारलं तर मान हलवली. मी चमच्याने दिलं, अर्धं ओघळलं, मी पुसलं. खिडकीतून ऊन त्यांच्या पायांवर येत होतं, म्हणून मी उठून पडदा ओढायला लागलो तर म्हणाले, "राहू दे." मग बोलले नाहीत. श्वास आधी जोरात होता, तूही तो ऐकलास. मग तो हळू झाला. त्यांना त्रास होत नव्हता. कपाळाला आठी नव्हती. मी त्यांच्या छातीकडे बघत होतो. एक श्वास यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग एक यायचा. मी मनात मोजत होतो, आपली सवय. आठ मोजले की यायचा. मग दहा मोजले की. मग मी वीसपर्यंत मोजलं, तीसपर्यंत मोजलं. त्यांचा हात माझ्या हातात होता आणि गरम होता. मी आणखी थोडा वेळ तसाच बसून राहिलो, कारण उठलो असतो तर ते खरं झालं असतं. सव्वाचार वाजले होते. मग मी हात चादरीवर ठेवला आणि बाहेर तुला हाक मारली.

दादा